तो मासा पट्टी लावून परत का सोडतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, मुलाकडे न्यू जर्सीला चार महिने राहून आलेले. पत्र झकास होतं. समुद्रावर फिरायला गेले तर तिथे एक माणूस हातभर लांब मासा काढतो, त्याला मोजायची पट्टी लावतो, तोंड वाकडं करतो आणि मासा परत पाण्यात सोडतो, आणि मग काकांनी लिहिलंय की अमेरिकेत माशाची पण कागदपत्रं तपासतात वाटतं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते कात्रण दोन दिवस फिरत होतं, सगळे हसले, मीही हसलो. पण उत्तर द्यायलाच पाहिजे असं वाटलं कारण तो तोंड वाकडं करणारा माणूस मीच असण्याची दाट शक्यता आहे.

मी मूळचा मालवणचा, गेली अठरा वर्षं एडिसनजवळ राहतो. नोकरी कम्प्युटरची, पण मार्च संपत आला की लक्ष ऑफिसात नसतं, भरतीच्या वेळा बघत बसतो. शनिवारी पहाटे चारला उठून थर्मासमध्ये चहा भरायचा आणि रॅरिटन बे नाहीतर सँडी हूकला जाऊन गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, उभं राहायचं. थंडी अशी असते की गरीला आमिष लावताना बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळत नाही. बायको म्हणते एवढ्या पैशात बाजारातून पापलेट आणून तीन वेळा जेवलो असतो. खरं आहे ते, पण गरवणाऱ्याला असं काही सांगून उपयोग नसतो.

तर तो मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. इथे सगळे स्ट्रायपर म्हणतात, खाली मेरीलँडला गेलात की त्यालाच रॉकफिश म्हणतात आणि तो त्यांचा राज्यमासा आहे. चंदेरी अंग आणि त्यावर सात-आठ काळ्या रेघा, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, वहीत आखल्यासारख्या सरळ. आमच्यातला एक अलिबागकर शपथेवर सांगतो की चव जिताड्याच्या जवळ जाते, मला नाही तसं वाटत पण तिरफळं घातली की वाद मिटतो. हा मासा राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत वर चढतो, आपल्याकडच्या हिलशासारखा. हडसन नदीत चढतो, डेलावेअर नदीत चढतो, पण खरं माहेर म्हणजे चेसापीक बे आणि तिला मिळणाऱ्या नद्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेनपर्यंत जे स्ट्रायपर सापडतात त्यातले बहुतेक त्या एका खाडीत जन्मलेले. म्हणजे न्यू जर्सीला मी जो मासा ओढतो तो खरं तर मेरीलँड-व्हर्जिनियाचा पाहुणा असतो बऱ्याचदा, आणि म्हणूनच एका राज्याने एकट्याने नियम करून भागत नाही. सगळ्या किनारी राज्यांचं मिळून एक कमिशन आहे, अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन, 1942 पासूनचं, ते ठरवतं.

आता नियम. समुद्राच्या बाजूला माणशी दिवसाला एक मासा. तोही 28 इंच ते 31 इंच या मधला. 28 च्या खाली असेल तर सोडा, 31 इंच किंवा वर गेला तरी सोडा. तीन इंचांची खिडकी, बस. मासा पट्टीवर ठेवायचा, तोंड मिटून टोकाला लावायचं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणायची आणि मग आकडा बघायचा. मासा तडफडत असतो, हात गारठलेले, पट्टीवर वाळू, आणि आकडा येतो सव्वा एकतीस. त्या क्षणी माणूस तोंड वाकडं करणारच ना काका!

लहान सोडायचा हे कुणालाही पटतं, पण मोठा का सोडायचा हा प्रश्न माझ्या आईने पण विचारला होता. तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला होता एकदा, चांगला चाळीस इंची, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत सोडला. ती दोन मिनिटं बोललीच नाही, मग म्हणाली, "एवढो मोठो मासो सोडलंस कित्याक? खुळो काय रे तू?" तिचं पुढचं वाक्य होतं, "गाबोळी असतली रे त्येका." आई बरोब्बर मुद्द्यावर आली होती, फक्त उलट्या बाजूने. गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, होतीच त्याच्यात, म्हणून तर सोडला. स्ट्रायपरमध्ये असलं धूड सापडलं तर ती जवळपास नक्की मादीच, आणि मादी जेवढी मोठी तेवढी अंडी जास्त, नवीन वयात आलेली काही लाख घालते तर जुनी थोराड मादी काही दशलक्ष. हा मासा तीस-तीस वर्षं जगू शकतो. वसंतात जो मासा नदीकडे निघालाय त्याच्या पोटातली गाबोळी तळून खाणं म्हणजे काय ते मला कळतं, मी काही साधू नाही, मालवणी माणसाला गाबोळी दिसली की पहिली आठवण तव्याचीच येते. पण कळतं म्हणूनच लिहितोय.

या माशाचा इतिहास इथे शाळेत शिकवायला पाहिजे इतका भारी आहे. 1639 साली, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज नऊ वर्षांचे असताना, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कायदा केला होता की कॉड आणि स्ट्राइप्ड बास शेतात खत म्हणून टाकायचा नाही. इतका मिळायचा की लोक खत करत होते! 1670 मध्ये प्लिमथ वसाहतीने या मासेमारीच्या उत्पन्नातून सरकारी शाळा चालवायची असं ठरवलं. आणि आमच्याच इथल्या नेव्हसिंक नदीतून, सँडी हूकच्या बाजूचीच ती, 1879 मध्ये शंभर-सव्वाशे छोटे मासे पिंपात भरून रेल्वेने कॅलिफोर्नियाला नेऊन सोडले, दुसऱ्या महासागरात, आणि ते तिथे रुजले पण. सॅन फ्रान्सिस्कोकडची मराठी मंडळी जो स्ट्रायपर पकडतात तो मूळचा न्यू जर्सीकर, आमच्याच गाववाल्याचा वंश.

एवढं असून संपायला आला होता. 1973 ला धंदेवाईक मासेमारीत साधारण दीड कोटी पौंड मासा निघाला होता, दहा वर्षांत तो आकडा पस्तीस लाख पौंडांवर आला. तेव्हाही लोक म्हणत होते की मासा कुठेतरी दुसरीकडे गेलाय, येईल परत. (आपल्याकडे तारल्या नाही मिळाल्या की हेच म्हणतात.) शेवटी 1984 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की जे राज्य कमिशनचा प्लॅन पाळणार नाही तिथे या माशाची मासेमारी बंद करता येईल. 1985 पासून मेरीलँडने पाच वर्षं पूर्ण बंदी घातली, हौशी नाही आणि धंदेवाईक नाही, कुणालाच नाही. त्या काळात तिथल्या लोकांचे हाल झाले, होड्या विकल्या लोकांनी. पण मासा आला परत, 1995 मध्ये जाहीर केलं की साठा भरला. म्हणजे बंधनं घातली तर फरक पडतो हे पुस्तकातलं नाही, डोळ्यासमोर झालेलं आहे. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या बाहेर तर 1990 पासून हा मासा पकडायला आजही बंदी आहे.

मग आता मासा परत कमी व्हायला काय झालं तर आपण झालो, म्हणजे हौशी लोक. काकांच्या पत्रात एक वाक्य होतं की मोठ्या बोटी समुद्र उपसतात आणि नियम मात्र बिचाऱ्या गरीवाल्याला. बाकी माशांचं असेल तसं, पण स्ट्रायपरच्या बाबतीत हे साफ उलटं आहे. या माशाचे जेवढे मृत्यू माणसामुळे होतात त्यातले दहातले आठ-नऊ हौशी गरीवाल्यांमुळे होतात. न्यू जर्सीत तर हा मासा विकण्यासाठी पकडायलाच परवानगी नाही, इथे बोट दाखवायला दुसरं कुणी नाहीच. उलट राज्याच्या वाट्याला जो धंदेवाईक कोटा आला होता तो आम्हा हौशींनाच बोनस टॅग म्हणून वाटतात, 24 ते 28 इंचामधला एक जादा मासा. कुणाच्या तरी पोटापाण्याचा वाटा आमच्या शनिवारच्या मजेला दिलाय आणि वर आम्हीच रडतो.

माणशी एक, ऐकायला किती कमी वाटतं! पण किनारा केवढा आणि माणसं किती ते बघा ना, एप्रिलमध्ये रॅरिटन बेमध्ये रविवारी सकाळी होड्या अशा उभ्या असतात की एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पलीकडे जाता येईल. 2022 मध्ये हौशी लोकांनी घरी नेलेला मासा 2021 च्या जवळपास दुप्पट झाला. कारण सोपं होतं, 2015 साली चेसापीकमध्ये पिल्लांचं भरघोस पीक आलं होतं, ती सगळी पोरं एकदम 28 इंचाची झाली आणि सगळे तुटून पडले. तेव्हा वरची मर्यादा 35 होती, मे 2023 मध्ये कमिशनने तातडीने ती 31 वर आणली ती ह्याच 2015 च्या माशांना वाचवायला. 2019 मध्येच शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं की साठा धोक्याच्या रेषेखाली गेलाय आणि 2029 पर्यंत तो भरून काढायचा असं ठरलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. मेरीलँडचं मत्स्यखातं 1954 पासून दर उन्हाळ्यात एक मोजणी करतं. कशी करतं माहितीये? रापण लावून! हो, आपली रापण. शंभर फुटी जाळं, एक माणूस किनाऱ्यावर टोक धरून उभा, दुसरा पाण्यात शिरून अर्धगोल फिरवत जाळं परत काठाला आणतो, आणि मग ओढायचं. चिवला वेळेवर, म्हणजे मालवणच्या आमच्या किनाऱ्यावर, लहानपणी आम्ही ज्या रापणीला हात लावायला धावायचो, मूठभर मासे वाटणीला मिळायचे, तीच पद्धत, फक्त आकाराने लहान आणि दोरीला पन्नास माणसं नाहीत. ठरलेल्या 22 जागांवर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा तीन फेऱ्या होतात, जाळ्यात आलेली त्या वर्षीची बोटभर पिल्लं मोजायची आणि एका ओढीला सरासरी किती आली तो आकडा काढायचा. आजवरची सरासरी आहे 11. 2023 मध्ये आकडा आला 1. एका ओढीला एक पिल्लू! 2024 मध्ये 2, 2025 मध्ये 4, आणि हे 4 आल्यावर लोकांना जरा बरं वाटलं म्हणजे बघा. 2019 पासून सलग सात वर्षं आकडा सरासरीच्या निम्म्यालाही पोचलेला नाही.

रापणीच्या दोरीला ज्याने हात लावलाय त्याला ह्यात समजवायला काही लागत नाही. जाळं हलकं येतं तेव्हा ते आधी खांद्याला कळतं, डोळ्याला नंतर.

का होतंय तर त्याची कारणं गुंतलेली आहेत, हिवाळे गरम झाले, वसंतात नद्यांना पाणी कमी, अंडी घालायच्या वेळेला जे थंड भरपूर पाणी लागतं ते नाही, त्यात चेसापीकमध्ये ब्लू कॅटफिश नावाचा बाहेरून आणलेला राक्षस माजलाय. ते काही माझ्या गरीच्या हातात नाही. पण गणित साधं आहे. मादी वयात यायला सहा-सात वर्षं लागतात. ज्या सात वर्षांत पिल्लं झाली नाहीत ती वर्षं आता एकेक करून पुढे सरकत येणार, आणि त्या तीन इंचांच्या खिडकीत बसणारे मासेच कमी होणार, मग अंडी घालायला उरतील त्या फक्त जुन्या मोठ्या माद्या. अशा वेळी जे अंगणात आहे ते जपायचं की नाही?

तर ऑक्टोबर 2025 मध्ये कमिशनच्या बोर्डापुढे प्रस्ताव होता की एकूण मासेमारीत 12 टक्के कपात करायची, हौशींना काही दिवसांचा बंद हंगाम वगैरे. बोर्डाने कपात केली नाही, आहे तसंच ठेवलं. हौशी लोकांना भाड्याने मासेमारीला नेणाऱ्या चार्टर बोटवाल्यांचं, आमिष विकणाऱ्या दुकानांचं म्हणणं होतं की आधीच धंदा बसलाय, आणि अलीकडे पकड कमी झालेलीच आहे. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ज्या दुकानातून मी दर वसंतात रक्तकिडे आणि कालवं घेतो तिथला म्हातारा मालक पहाटे तीनला दुकान उघडतो आणि हंगाम दोन आठवडे बंद राहिला तर त्याचं वर्ष वाया जातं हे मला दिसतं. तरी पण माझं मत आहे की चुकलं, कपात करायला हवी होती, आणि ती आम्हा हौशींच्याच खात्यावर पडायला हवी होती. माझं पोट यावर नाही. दोन आठवडे मी घरी बसलो तर बायको खूश होईल, बाकी काही होणार नाही.

आणि सोडला म्हणजे वाचला असं पण नाही, हे आमच्या लोकांना सगळ्यात उशिरा कळतं. शास्त्रज्ञ धरून चालतात की सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात. वाटतं नऊच तर, पण नव्वद टक्क्यांच्या वर मासे सोडलेच जातात, त्यामुळे हौशींच्या हातून जे मरतात त्यातले साधारण अर्धे हे असे "सोडलेले" असतात. माझंच सांगतो. इथल्या दुसऱ्या वर्षी साधा इंग्रजी J च्या आकाराचा गळ, त्याला बंकरचा तुकडा लावलेला (बंकर म्हणजे तारलीचा जाडा चुलतभाऊ समजा), मी गाडीत चहा ओतत बसलो होतो आणि मासा गळ पार पोटात घेऊन गेला. मोजला तर साडेसत्तावीस इंच. अर्ध्या इंचाने कमी. गळ काढायच्या नादात पाच मिनिटं गेली, पक्कड आत घातली, कल्ल्यातून रक्त आलं, शेवटी नियमाप्रमाणे सोडला. तो थोडा पोहला, मग आडवा झाला, आणि लाट त्याला परत माझ्या बुटांजवळ घेऊन आली. एका सीगलने त्याचा डोळा काढेपर्यंत मी तिथे उभा होतो. कायद्याने मी निर्दोष होतो.

2021 पासून आमिष लावून गरवायचं तर गोल गळ सक्तीचा केलाय, टोक आत वळलेला, तो गिळला तरी ओढताना सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, निघतो पण पटकन. दोन डॉलरची गोष्ट. तरीही मागच्या मे महिन्यात आपलेच चार जण, मराठीत बोलत होते म्हणून कळलं, जुनेच गळ घेऊन उभे. मी सांगायला गेलो तर एक म्हणाला, "दादा, एवढं कोण बघतंय?" त्यांच्या कूलरमध्ये एक 24-25 इंची होता आणि टॅग काही दिसला नाही. दुसऱ्याने शेपटी ताणून ताणून एक मासा 28 चा करायचा प्रयत्न चालवला होता, मासा काय रबर आहे का. तिसरा सोबत आणलेल्या पाच वर्षांच्या पोराच्या नावावर दुसरा मासा ठेवत होता, आणि पोरगा तर गाडीत झोपलेला. हे लिहायला लाज वाटते पण आपल्यातच लिहितोय. न्यू जर्सीत समुद्रात गरवायला लायसन पण लागत नाही, फुकट ऑनलाइन नाव नोंदवलं की झालं, इतका विश्वास टाकलाय, आणि त्यावर आपण असं वागतो. त्या नोंदणीचं पान मी ग्रुपवर टाकलं तर खाली तीन अंगठे आले आणि मग परत गुड मॉर्निंग.

काकांनी शेवटी लिहिलं होतं की आपल्याकडे असले लाड नाहीत, मिळेल तो मासा घरी. नाहीत कसे काका? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचं नाही ही तर कोळ्यांची आणि गाबितांची कायद्याच्या आधीची रीत. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी 54 जातींसाठी कमीत कमी किती लांबीचा मासा पकडायचा ते ठरवलं. पट्टी आपल्याकडेही आलेली आहे, फक्त ती बाजारात कुणी काढत नाही. गेल्या दिवाळीत घरी आलो होतो तेव्हा तळहाताएवढी पापलेटं वाट्याने लावलेली होती, मी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, तू गप रव, तुझी अमेरिका हंय नको. आणि घेतला तिने एक वाटा. मी खाल्ले पण. तेव्हा उपदेश करायचा मला फार अधिकार आहे असं नाही, कबूल.

पण काकांना एवढंच सांगायचंय की ते हसले तो माणूस नियमाला घाबरून मासा सोडत नव्हता. परत मुलाकडे आलात की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या, ग्रुपवर नंबर मिळेल माझा, सँडी हूकला घेऊन जातो. टोपी आणि जाड मोजे आणा, चहा माझ्याकडे. 28 ते 31 मधला मिळाला तर तिखलं करू आणि तुम्हालाच पट्टी लावायला देतो, शेपटी कशी चिमटीत धरायची ते दाखवतो.

आपला,
एक मालवणकर, न्यू जर्सी

ता.क. दुकानात "स्ट्राइप्ड बास" म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा तळ्यात वाढवलेला संकरित मासा असतो, रेघा तुटक असतात त्याच्या. तो खायला काही हरकत नाही, गाबोळीची अपेक्षा मात्र ठेवू नका.